पाचट आणि खतावणी

माघ सरत आला की कृष्णाकाठच्या आमच्या शिवारात दिवेलागणीच्या वेळी बांधावर उभे राहावे, तर चारी दिशांना धुराचे लोट उठलेले दिसतात. ऊसतोडणीच्या टोळ्या पुढच्या गावाला गेलेल्या असतात, वाढे वैरणीसाठी विकली गेलेली असतात, फडात मागे गुडघाभर पाचट तेवढे उरलेले असते, आणि वारा पडण्याची वाट पाहत ज्याचा तो शेतकरी खिशात काडीपेटी घेऊन बांधावर बसलेला असतो. अशाच एका संध्याकाळी, सात वर्षांपूर्वी, आमच्या लगतच्या शेताचा मालक माझ्याकडे येऊन म्हणाला, "अण्णा, वारं पडलंय. माझं पेटवतोय, तुमचंबी त्यातच उरकूया की. दोघांचाबी घोर मिटंल." मी म्हणालो, "राहू दे. यंदा ठेवून बघतो." त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग अत्यंत कळकळीने त्याने मला तीन गोष्टी सांगितल्या: पाचट सरीत राहिले तर पाणी पुढे सरकणार नाही, त्यात उंदीर माजतील, आणि वैशाखात कुणी जळती विडी टाकली तर खोडव्यासकट सारा फड जाईल.

या तिन्ही हरकतींपैकी एकही खोटी नव्हती. ज्यांना शेतकऱ्याच्या अज्ञानावर व्याख्याने देण्याची सवय आहे, त्यांनी हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे की पाचट पेटवणारा मनुष्य अडाणी नसतो. त्याने आपल्या परीने हिशेब केलेला असतो, आणि ज्या भावांनी, ज्या कर्जाने व ज्या मुदतीने तो शेती करतो, त्या भावांत, त्या कर्जात व त्या मुदतीत तो हिशेब बहुधा बरोबरच येतो. तो हिशेब बदलल्याखेरीज धूर थांबणार नाही, आणि तो बदलणे केवळ त्या एकट्याच्या हाती नाही, एवढेच मला या लेखात मांडावयाचे आहे.

इंग्रजी जाणणाऱ्या लोकांत सध्या ज्या शेतीला 'रिजनरेटिव्ह' म्हणतात, तिला मराठीत कोणी पुनरुत्पादक शेती म्हणतात, कोणी पुनरुज्जीवी. नाव कोणतेही घ्यावे. तिच्या मुळाशी असलेल्या गोष्टी, म्हणजे जमीन उघडी न ठेवणे, तिला कमीत कमी उलथापालथ करणे, एका पिकाच्या पाठीवर दुसऱ्या जातीचे पीक घेणे, जनावराचे शेण-मूत जमिनीला परत देणे, या आपल्या भाषेला परक्या नाहीत. 'बेवड' हा शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेतल्या शेतकऱ्याला फेरपालट शिकवावयास नको. हरभऱ्याचा बेवड कशाला मानवतो आणि उसावर ऊस घेतला की जमीन का रुसते, हे त्याच्या आजीलाही ठाऊक होते. इतकेच नव्हे, तर या विद्येचा जो आधुनिक शास्त्रीय पाया मानला जातो, त्यातील एक मोठा चिराही मराठी मुलखाच्या शेजारघरातच बसवला गेला. होळकरांच्या इंदूर संस्थानात १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने वनस्पती-उद्योग संस्था स्थापन केली, आणि तेथील काळ्या कापूस-जमिनीवर काम करीत असता जी खतपद्धती त्याने सिद्ध केली, ती 'इंदूर पद्धत' या नावाने जगभर गेली. पऱ्हाट्या व तुराट्या या कठीण वस्तू कुजाव्यात म्हणून त्याने त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली भरडून घेतल्या, मग बैलांच्या पायाखाली अंथरल्या, आणि मूत भिनलेला तो थर शेण, राख व मातीसह ढिगात रचून ठरावीक अंतराने वरखाली केला. सुमारे तीन महिन्यांत त्याचे काळेभोर खत होत असे. या प्रयोगांचा वृत्तांत १९३१ साली ग्रंथरूपाने निघाला, त्यावर हॉवर्डच्या नावाशेजारी यशवंत वाड या त्याच्या सहकाऱ्याचे नाव आहे. अमेरिकेत रोडेल यांनी १९४२ साली सेंद्रिय शेतीचे मासिक सुरू केले ते हॉवर्डच्या लिखाणाने भारून जाऊन. म्हणजे जी विद्या आज परदेशी शिक्का घेऊन आपल्या दारी येते, ती एका अर्थी माहेरीच येत आहे. मात्र माहेरी आलेल्या लेकीचेही जेवणखाण कोणाच्या तरी पदरचे असते, आणि हा पदर कोणाचा, हा प्रश्न आपल्या परिषदांत क्वचितच विचारला जातो.

आता खतावणी उघडू. उसाच्या पट्ट्यात दोघे शेतकरी भेटले की पहिला प्रश्न असतो, "एकरी किती टन पडला?" 'किती उरले?' असे कोणी विचारीत नाही. एकरी शंभर टनांचा फड हे आमच्याकडे प्रतिष्ठेचे लक्षण होऊन बसले आहे. पिकाचा उतारा, साखरेचा उतारा आणि सातबाराचा उतारा या तीन उताऱ्यांत आमचे सारे आयुष्य मावते. खर्चवेच वजा जाऊन वर्षाअखेर राहणारी शिल्लक ही मात्र घरातल्या बायकांनाच काय ती नेमकी माहीत असते, कारण फीचे आणि दवाखान्याचे पैसे मागण्याचा प्रसंग त्यांच्यावर येतो. जमिनीचा कस परत आणू पाहणाऱ्याला पहिली गोष्ट करावी लागते ती ही, की त्याने टनांचा अभिमान बाजूला ठेवून शिलकेची वही ठेवावयास शिकावे.

तथापि हेही स्पष्ट म्हटले पाहिजे की शिलकेचे गणित टनांना तुच्छ लेखून सुटत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये हा रास्त व किफायतशीर दर ठरविला. त्यातून तोडणी-वाहतुकीपोटी आठशे-नऊशे रुपये वजा गेले असे धरले, तर एकरी पाच टन ऊस कमी येणे म्हणजे शेतकऱ्याच्या हातून तेरा हजार रुपयांच्या वर रक्कम जाणे. अल्पभूधारकाने धरतीमातेच्या प्रेमाखातर दर एकरी एवढी पदरमोड करावी, असा उपदेश ज्याच्या घरी पगार येतो त्याने करू नये. घटलेल्या टनांची भरपाई न झालेल्या खर्चातून झाली, तरच हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरत नाही.

आणि अशी भरपाई होऊ शकते, हे खोडव्याच्या फडात सर्वांत स्पष्ट दिसते. लागणीच्या उसाला नांगरट, रोटाव्हेटर, सरी सोडणे, बेणे, लागणीची मजुरी असा खर्चाचा डोंगर पहिल्या महिन्यातच उभा राहतो. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतूनच फुटणाऱ्या खोडव्याला यांतले काही लागत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी पाचट पेटवून, बगला फोडून, जमीन उघडी करून आपण खोडव्यालाही पुन्हा मशागतीच्या चक्रात ढकलतो. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ सालापासून उसाचेच काम करीत आले आहे, आणि आज ज्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत ते आहे, त्या विद्यापीठाची शिफारस अशी की पाचट जाळू नये, बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचट सरीत दाबावे, आणि बगला न फोडता पहारीने बुडख्यापासून चार-सहा इंचांवर छिद्र घेऊन त्यात खत घालावे. पहारीच्या त्या छिद्रात पडलेले खत मुळाशी राहते. वरून फेकलेल्या खतासारखे ते हवेत उडत नाही की पाटाच्या पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या शेतात जात नाही. आच्छादनामुळे तण दबते, म्हणून भांगलणीच्या बायकांचे एक-दोन हप्ते वाचतात. ओल टिकते, म्हणून पाण्याच्या पाळ्या लांबतात, आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी विहिरीवर जागत बसणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. शेजाऱ्याच्या पहिल्या हरकतीवरही तोड याच शिफारशीत आहे: एका आड एक सरीत पाचट भरावे आणि मधली सरी पाण्यासाठी मोकळी ठेवावी. आगीच्या भयावर मात्र तोड कोणत्याही पुस्तकात नाही. बांधाकडेच्या दोन सऱ्या मोकळ्या ठेवून आणि पाचटावर लवकरात लवकर पाणी देऊन ते भय कमी करता येते, नाहीसे करता येत नाही.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग हे सारे जण करीत का नाहीत? याचे उत्तर मला युरियाच्या गोणीवर छापलेले सापडते. एका हेक्टरच्या उसातून आठ ते दहा टन पाचट मिळते, आणि त्यातून ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश व तीन-चार टन सेंद्रिय कर्ब जमिनीला मिळतो, असे आपली कृषी विद्यापीठे अनेक वर्षे सांगत आली आहेत. एकरात मांडले तर नत्र निघते सोळा ते वीस किलो. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या एका गोणीत सुमारे एकवीस किलो नत्र असते, आणि ती गोणी सरकारी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. म्हणजे एका एकराच्या पाचटातील सारे नत्र, आजच्या किमतीने, एका गोणीच्याही आत बसते! तीन-चार टन पाचट सऱ्यांतून दाबण्याची मजुरी एका बाजूला आणि अडीचशे-पावणेतीनशे रुपयांची गोणी दुसऱ्या बाजूला, अशी तुलना ज्याच्यापुढे मांडली जाते, त्याने काडी ओढली तर दोष काडी ओढणाऱ्याचा किती, आणि गोणीवर तो भाव छापणाऱ्याचा किती? पालाशाची एक पुरती गोणी, टनभराच्या वर कर्ब आणि त्या कर्बाच्या आधाराने जगणारे गांडूळ व अदृश्य जीवाणूंचे गोकुळ हे त्या गोणीच्या हिशेबात कोठेच येत नाहीत, कारण त्यांना बाजारात भाव नाही. युरिया महाग करा असे माझे म्हणणे नाही. ते केले तर उद्या सकाळी मारला जाईल तो कोरडवाहू शेतकरीच. पण ज्या खजिन्यातून गोणीमागे अनुदान जाते, त्याच खजिन्यातून न पेटविलेल्या एकरामागे काही द्यावे, ही मागणी अवाजवी कशी ठरते?

पहिल्या वर्षी माझ्या हातून जी चूक झाली ती येथे सांगितली पाहिजे, कारण ती माझ्याबरोबर अनेकांची आहे. काही पुस्तके वाचून माझ्या मनाने असे घेतले होते की रासायनिक खताचा कण शेतात पडू द्यावयाचा नाही. म्हणून अडीच एकर खोडव्यात मी पाचट पसरले आणि त्यावर काहीही न टाकता पाणी सोडले. दीड महिन्यात फुटवे पिवळे पडले. शेणखताच्या स्लरीने थोडी हिरवळ आली, पण गेलेले फुटवे परत आले नाहीत, आणि तोडणीच्या वेळी गाडीवानाने काट्याची पावती हातात ठेवली तेव्हा घरात कोणी काही बोलले नाही. फुटवे पिवळे पडण्याचे कारण अगदी साधे होते. वर दिलेल्या आकड्यांवरूनच दिसेल की पाचटात एका किलो नत्रामागे सत्तर-ऐंशी किलो कर्ब असतो, आणि कुजविणाऱ्या जीवाणूंना एका भागाला पंचवीस-तीस भाग हे प्रमाण मानवते. कमी पडणारे नत्र ते जमिनीतूनच उचलतात, आणि पीक तितका काळ उपाशी राहते. म्हणूनच शिफारशीत हेक्टरी पाचटावर ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जीवाणू टाकावयास सांगितले आहे. जमिनीचे सत्त्व परत आणण्याच्या वाटेवर पहिली दोन-तीन वर्षे युरियाची गोणी बरोबर घ्यावी लागते, हे कबूल करावयास मला एक हंगाम लागला. सोवळ्याच्या कल्पनेने शेती करणारा पहिल्याच वर्षी पोटाला चिमटा घेतो, दुसऱ्या वर्षी काडीपेटी घेतो, आणि मग आयुष्यभर गावाला सांगत फिरतो की हे सारे थोतांड आहे.

या सोवळ्याची किंमत एका संपूर्ण राष्ट्राने मोजल्याचे उदाहरण ताजे आहे. श्रीलंकेच्या सरकारने २०२१ च्या उन्हाळ्यात रासायनिक खतांची आयात एका फटकाऱ्यात बंद केली. भाताचे पीक कोसळले, चहाच्या मळ्यांना झळ लागली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती बंदी मागे घ्यावी लागली. जमीन अशी हुकमाने सुधारत नसते.

ती किती हळू सुधारते हे त्रैराशिकाने पाहता येते. एका हेक्टरवरच्या वरच्या अर्ध्या फुटाच्या मातीचे वजन साधारण वीस लाख किलो भरते. तिच्यातील सेंद्रिय कर्बाचे प्रमाण ०.४ टक्क्यांवरून ०.५ टक्के करावयाचे तर तिच्यात दोन टन कर्ब कायमचा मुरला पाहिजे. एका वर्षाच्या पाचटात तीन-चार टन कर्ब असला, तरी आपल्या उष्ण हवेत त्याचा बहुतेक भाग जीवाणूंच्या श्वासावाटे हवेत परत जातो आणि थोडासाच मातीत राहतो. म्हणजे माती-परीक्षणाच्या कागदावर नुसता एका दशांशाचा फरक दिसावयास कित्येक हंगाम लागणार. आणि त्या कित्येक हंगामांत एकदा जरी पाचट पेटले, एकदा जरी खोल नांगरट करून माती उन्हात उलथली, तरी जमेतली रक्कम पुन्हा खर्ची पडणार. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर नांगरणीशिवायच्या शेतीचा आग्रह धरून, आदल्या पिकाची मुळे व बुडखे जागच्या जागी कुजू देण्याचे महत्त्व का सांगतात, आणि कर्जत तालुक्यात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा तंत्रात भाताची चिखलणी व लावणी टाळून गादीवाफ्यावर मुळे तशीच का राखतात, याचे मर्म या त्रैराशिकात आहे. सगुणा तंत्रात तणनाशकाचा आधार घेतात, यावर शुद्धतावादी नाक मुरडतात. मला त्यांच्याशी भांडावयाचे नाही, पण चिखलणीचा आणि लावणीच्या मजुरीचा खर्च वाचल्याने ज्याची भातशेती टिकली, त्याला भांडणात रस नसतो, हे मी पाहिले आहे.

मग प्रारंभ कोठून करावा? मला याबाबत श्री. अ. दाभोलकरांचे ऋण मान्य केले पाहिजे. गणिताच्या या प्राध्यापकाने 'प्रयोग परिवार' उभा करून शेतकऱ्याच्या हाती जी गोष्ट दिली, ती म्हणजे दहा गुंठ्यांचे माप. दहा गुंठे चुकले तर घर बुडत नाही, आणि दहा गुंठे साधले तर शेजारी विचारावयास येतो. माझ्या पहिल्या वर्षीच्या अडीच एकरांच्या जागी दहा गुंठे असते, तर त्या वर्षीची काट्याची पावती इतकी जड झाली नसती. दुसऱ्या वर्षापासून मी तसेच केले: एक तुकडा घ्यावयाचा, तो तीन वर्षे हाती धरावयाचा, त्याची स्वतंत्र वही ठेवावयाची, आणि त्याच्या शिलकेने उरलेल्या शेताच्या शिलकेशी बरोबरी केली की मगच शेजारचा तुकडा त्यात घ्यावयाचा. पूर्वहंगामी लागणीत पट्टा पद्धतीने मोकळ्या राहिलेल्या जागेत हरभरा घेतला, तर ऊस कारखान्याला जाण्याच्या कितीतरी आधी हातात चार पैसे येतात आणि जमिनीला बेवड मिळतो. आडसालीत भुईमूग घेतला तर शेंगांबरोबर जनावरांना वेलांची वैरण मिळते. ताग सरीत पेरून फुलावर येताना गाडला तर त्यापासून रोकड काहीच येत नाही, म्हणून तो मी फक्त सर्वांत कंगाल झालेल्या तुकड्यावर घेतो. खताची मात्रा मी पहिल्या वर्षी मुळीच कमी करीत नाही. पाने पाहून, माती तपासून, तिसऱ्या वर्षापासून हात आखडता घेतो.

आणि खोडवा मोडल्यावर मेंढरे बसवितो. फलटण-माणकडचे धनगर दरसाल खाली उतरतात. संध्याकाळी शेतात वाघर लावून ते मेंढरे कोंडतात, पहाटे वाघर उचलून पुढच्या चौकात नेतात, आणि अशा चार-सहा रात्रींत एकरभर रान लेंड्यांनी व मुताने सारखे झाकून जाते. पहाटेच्या दहिवरात त्या रानाला जो उष्ण, आंबट वास येतो, तो ज्याने एकदा घेतला त्याला खताच्या ट्रॉलीचा भाव विचारण्याची इच्छा राहत नाही. या कामाच्या बिदागीपोटी पूर्वी ज्वारीची पायली ठरत असे, आता रोख ठरते. तरी नांगर, ट्रॉली आणि मजुरी यांच्या मानाने ती स्वस्तच पडते. ज्या गावांनी गायराने बंद केली आणि धनगरांना हुसकून लावले, त्या गावांनी आपल्याच रानाचे खत वाटेवरून माघारी पाठविले, असे मला वाटते.

हे सर्व ज्याची जमीन त्याने करावयाचे. पण आमच्या शिवारातील किती तरी जमीन आज कसणाऱ्याच्या नावावर नाही. मालक पुण्या-मुंबईला, जमीन खंडाने, आणि खंड वर्षाच्या बोलीने, तोही तोंडी. कागद करावयास मालक धजत नाही. त्याच्या भयाला इतिहास आहे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालकी दिली, आणि ज्या पिढ्यांना अन्यायाने वहिवाटीतून हुसकले जाई त्यांना न्याय दिला. त्या कायद्याचा मला अभिमान वाटतो. परंतु त्याच कायद्याच्या धास्तीने आजचा लहान मालकही, ज्याची सारी मिळून दोन एकर जमीन आहे, एकाच माणसाकडे ती लागोपाठ तीन वर्षे राहू देत नाही. ज्याला पुढल्या वर्षी हे रान आपल्याकडे असेल की नाही हे ठाऊक नाही, त्याने त्यात मेंढरे का बसवावीत? त्याने ताग का गाडावा? त्याच्यासाठी पाचट पेटवणे हाच शहाणपणा आहे, आणि सालाच्या आत जमिनीतून जितके ओढता येईल तितके ओढणे हेच त्याचे कर्तव्य होऊन बसते. मालकी अबाधित राहील आणि कसणाऱ्याला पाच वर्षांची लेखी शाश्वती मिळेल, असा भाडेपट्टा कायद्याने निर्धोक केल्यावाचून मातीच्या आरोग्याच्या साऱ्या योजना फक्त मालकी असलेल्यांच्या बांधापर्यंत पोहोचतील. नीती आयोगाने २०१६ साली असा एक नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला होता. त्याच्यावर आपल्या विधिमंडळाने सविस्तर वाद करावा, एवढी तरी अपेक्षा करण्यास हरकत नसावी.

कर्जाचीही हीच कथा आहे. सोसायटीचे पीककर्ज पिकाला मिळते, मातीला मिळत नाही. अर्जात पिकाचे नाव, क्षेत्र आणि दर एवढेच रकाने असतात. ऊस म्हटले की हेक्टरी मोठी रक्कम, मिश्र पीक म्हटले की कपाळाला आठी. परतफेडीची मुदत पिकाबरोबर संपते, आणि व्याजाची सवलत वेळेवर भरणाऱ्यालाच मिळत असल्यामुळे ज्या वर्षी उतारा थोडा घसरेल तेच वर्ष शेतकऱ्याला सर्वांत महाग पडते. जमीन पालटण्याची वर्षे नेमकी तीच असतात. येथे मला एका जुन्या गोष्टीची आठवण होते. १८८३ हे वर्ष आपल्या शेतीच्या इतिहासात दोन कारणांनी स्मरणीय आहे. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, आणि पावसाचे पाणी व त्याबरोबर येणारे सत्त्व शेतात मुरावे म्हणून ताली-बंधारे बांधण्याची कैफियत सरकारपुढे मांडली. आणि त्याच वर्षी इंग्रज सरकारने जमीन सुधारणा कर्जाचा कायदा केला, ज्याखाली विहिरी, बांध, निचरा यांसाठी तगाई मिळू लागली. त्या तगाईच्या वसुलीचे जाच मला ठाऊक आहेत, आणि ती पद्धत जशीच्या तशी परत यावी असे मी म्हणणार नाही. परंतु तिच्या मुळाशी एक विचार होता, की जमिनीच्या सुधारणेचे कर्ज निराळे, ते अनेक वर्षांच्या हप्त्यांनी फेडावयाचे, आणि चालू पिकाच्या नफ्या-तोट्याशी त्याची सांगड घालावयाची नाही. परक्या राजवटीला जे सुचले, ते आमच्याच सभासदांच्या भागभांडवलावर उभ्या असलेल्या सोसायट्यांना न सुचावे, याचे मला दुःख होते. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी दिली, त्यासाठी राज्यांचा वाटा धरून २४८१ कोटी रुपयांची तरतूद केली आणि एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत जाण्याचे योजिले. दोन्ही आकडे शेजारी मांडले तर शेतकऱ्यामागे अडीच हजार रुपयेही पडत नाहीत. प्रशिक्षणाला आणि जीवामृताच्या पिंपांना ते पुरतील. घसरलेल्या उताऱ्याची दोन वर्षे कोणी सोसावयाची, याचे उत्तर त्यांत नाही.

म्हणून आमच्या विकास सोसायटीच्या, ३० सप्टेंबरपूर्वी भरणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मी एक ठराव दिला आहे. जो सभासद खोडव्याचे पाचट तीन वर्षे पेटविणार नाही, त्याला पीककर्जाव्यतिरिक्त एकरी एक ठरावीक रक्कम कर्जाऊ द्यावी. तिची पहिली वसुली चौथ्या वर्षी करावी. अट एवढीच असावी की फड पेटला नाही याची पाहणी पंचांनी फेब्रुवारी ते मे या काळात शेतावर येऊन करावी. सोसायटीच्या नफ्यातून एक पाचट कुट्टीचे यंत्र घेऊन ते सभासदांना पाळीने भाड्याने द्यावे. आणि खंडाने कसणाऱ्याला, मालकाची संमती असल्यास, या सवलतीतून वगळू नये. सूचक म्हणून त्याखाली माझे नाव आहे. अनुमोदक म्हणून त्याच शेजाऱ्याने सही केली आहे, ज्याने सात वर्षांपूर्वी मला वारा पडल्याचे सांगितले होते. गेल्या तीन हंगामांत त्याने स्वतःच्या दीड एकरातले पाचट राखले आहे, आणि पहार माझ्याकडून नेतो. ओढ्यापलीकडचे त्याचे दुसरे दीड एकर मात्र यंदाही पेटले. ते रान खंडाचे आहे, आणि मालकाने पुढच्या वर्षाचा शब्द अजून दिलेला नाही.